हीटरचं दुखणं बॉनेटखाली

प्रश्न : आमची पेट्रोल हॅचबॅक दहा वर्षं जुनी आहे. थंडीत पहाटे सहाला मुलीला नाशिकला सोडायला निघतो. हीटर पूर्ण गरमवर ठेवला तरी रस्त्याला लागल्यावर कोमट हवाच येते, सिग्नलला थांबलो की जरा गरम होते. तापमानाचा काटा तळ सोडत नाही. मागच्या उन्हाळ्यात गाडी तापायची, तेव्हा गॅरेजमध्ये 'एक पार्ट काढून' ती बरी केली होती. आता डॅशबोर्ड उतरवून हीटर कॉइल बदला म्हणतात. बदलू का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : नका बदलू. तुमच्या पत्रातच निदान आहे. काढलेला पार्ट बहुधा थर्मोस्टॅट असावा.

गाडीच्या हीटरला स्वतःची उष्णता नसते. इंजिन थंड ठेवणारं कूलंट गरम होऊन डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कॉइलमधून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. इंजिन पुरेसं तापेपर्यंत थर्मोस्टॅट मोठ्या रेडिएटरची वाट बंद ठेवतो. तोच नसला किंवा उघडा अडकला, तर कूलंट पहिल्या मिनिटापासून समोरच्या गार वाऱ्यात जातं. म्हणून चालत्या गाडीत हवा कोमट आणि थांबल्यावर गरम. कूलंट कमी असेल किंवा वॉटर पंप थकला असेल तर नेमकं उलटं होतं: थांबल्यावर गार, रेस दिली की गरम.

खात्री करायला रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होज पाइपवर हात ठेवा. थर्मोस्टॅट शाबूत असेल तर पाइप कित्येक मिनिटं गारच राहतो आणि मग एकदम तापतो. तुमचा पाइप सुरुवातीपासून हळूहळू कोमट होईल. हात ठेवताना पंख्यापासून बाह्या सांभाळा.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी घरी तपासून घ्या. त्याच्यावर 82 किंवा 88 असा आकडा कोरलेला असतो, तेवढ्या अंशांना तो उघडू लागतो. दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात बुडवा, तळाला टेकू देऊ नका. त्या आकड्याच्या आसपास मधली चकती सरकायला लागली पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत आठेक मिलिमीटर फट पडली पाहिजे. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, छोटी हलणारी पिन असेल तर ती वर. गॅस्केट किंवा रबर रिंग नवीच घ्या. थर्मोस्टॅट बसतो त्या अ‍ॅल्युमिनियमच्या कवचाचे बोल्ट हलक्या हाताने आवळा, आटे चटकन जातात.

कूलंट भरताना नळाचं पाणी नको. तयार मिश्रण असेल तर तसंच ओता, घट्ट असेल तर डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. छोट्या गाडीत साधारण चार-पाच लिटर मावतं. मग हवा काढा, अर्धी कामं इथेच फसतात. गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर करा आणि इंजिन थंड असतानाच झाकण उघडून मग सुरू करा. वरचा पाइप अधूनमधून दाबत राहा, बुडबुडे येतील तसं कूलंट घाला. रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद झाला की झाकण लावा. नंतर डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू आली तर आत अजून हवा आहे. पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा पातळी बघा. तापलेल्या गाडीचं झाकण कधीही उघडू नका, आतलं कूलंट दाबाखाली असतं आणि अंगावर उसळतं.

थर्मोस्टॅट काढणं ही दुरुस्ती नव्हे, हे आम्ही आग्रहाने सांगतो. इंजिन थंड राहिलं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, जास्त पेट्रोल सोडत राहतो. छोट्या फेऱ्यांत ऑइलमधली वाफ उडून जात नाही. तुमच्या ऑइलच्या झाकणाची आतली बाजू पाहा, तिथे सायीसारखा पांढरट थर असेल. आणि उन्हाळ्यात गाडी का तापत होती, ते अजून शोधायचंच आहे. पंखा वेळेवर लागतो का, रेडिएटरच्या जाळ्या बुजल्यात का, झाकण दाब धरतं का, हे या क्रमाने तपासून घ्या.

काटा मधोमध येऊनही हवा गारच राहिली, तरच कॉइलकडे वळा. इंजिनमागच्या पत्र्यातून केबिनमध्ये जाणारे दोन पाइप चाचपा. दोन्ही गरम असतील तर कॉइल ठीक आहे, गरम-गार हवा वळवणारा आतला फ्लॅप, त्याची केबल किंवा मोटर बिघडली आहे. एक गरम आणि एक गार असेल तर कॉइल चोंदली आहे किंवा, काही गाड्यांत असतो तो, हीटरचा व्हॉल्व्ह बंद आहे. चोंदलेली कॉइल बदलण्याआधी दोन्ही पाइप सोडून बागेच्या नळीने उलट्या दिशेने धुवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, पातळ नळ्या फाटतात.

प्रश्न : काचेवर आतून चिकट वाफ धरते, गोडसर वास येतो, डावीकडे पायाखालचं कार्पेट ओलं असतं. एसीचं पाणी असेल का? रेडिएटरमध्ये हळद टाका असं एकाने सुचवलं आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर : कार्पेटवर पांढरा टिश्यू दाबा. एसीचं पाणी बिनरंगी, बिनवासाचं असतं, निचऱ्याची नळी तुंबली की आत येतं. टिश्यूला हिरवा किंवा लाल रंग लागला, बोटांना बुळबुळीत लागलं, तर हीटर कॉइल गळते आहे. हळद नको. रेडिएटरचं भोक बुजवणारा गाळ सर्वांत आधी कॉइलच्याच अरुंद नळ्यांत बसतो. कॉइल बदलायला बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, दिवसभराचं काम धरा. तोवर इंजिनच्या बाजूने दोन्ही पाइप त्याच मापाच्या जोडणीने एकमेकांना जोडून कॉइल वगळता येते. हीटर चालणार नाही, पण गाडी चालेल. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. ते विषारी आहे, आणि गोड चवीमुळे कुत्री-मांजरं चाटतात.

प्रश्न : ब्लोअर फक्त चार नंबरवर चालतो. मोटर गेली का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : चारवर चालतो म्हणजे मोटर चांगली आहे. खालच्या वेगांचा रेझिस्टर, म्हणजे वीज अडवून वेग कमी करणारा पार्ट, जळला आहे, शेवटचा वेग त्याला वगळून थेट जातो. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्हबॉक्समागे ब्लोअरच्या डक्टवर दोन स्क्रूंनी बसवलेला असतो. बदलताना त्याचा कनेक्टर वितळला आहे का पाहा आणि केबिन फिल्टरही काढून बघा. तो चोंदला की रेझिस्टरला थंड ठेवणारी हवा कमी पडते आणि नवा पार्टही जळतो.