व्हर्च्युअल पॉवर प्लांटसाठी अमेरिकेत केंद्राचा आदेश असताना राज्यं वेगळे कायदे का करतायत?

तुम्ही विचारलंय की केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने, म्हणजे एफईआरसीने, सप्टेंबर २०२० मध्येच आदेश क्रमांक २२२२ काढून घरोघरच्या बॅटऱ्यांना वीजबाजार खुला केला, मग कोलोरॅडो, मेरीलँड, व्हर्जिनियाला आपापले कायदे कशाला लागले? अशा शेकडो बॅटऱ्या एकत्र चालवून त्यांचं जणू एकच वीजकेंद्र करायचं, यालाच व्हर्च्युअल पॉवर प्लांट म्हणतात. मी काही वर्षं अशा बॅटऱ्यांना ‘चार्ज हो’, ‘वीज दे’ असे हुकूम पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम केलं. बॅटरी सांगितलेलं निमूट ऐकते. काम अडायचं ते परवानग्यांपाशी, आणि त्या परवानग्या बहुतेक राज्याच्या हातातल्या.

आदेश २२२२ एवढंच सांगतो की शेकडो छोट्या साधनांची मोट बांधून कुणी घाऊक बाजारात आलं तर त्याला घ्या, १०० किलोवॅटइतकी छोटी मोट असली तरी घ्या. पण बॅटरी बसलेली असते वितरण कंपनीच्या तारेवर. ती जोडायची परवानगी, मीटरचा डेटा, ग्राहकाचा दर, हे सगळं राज्याच्या वीज नियामक आयोगाकडे. शिवाय मागणी कमी करून पैसे मिळवण्याच्या योजनांपुरता राज्याला नकाराधिकार आहे. तो २००८ च्या आदेश ७१९ पासून चालत आला आहे आणि मध्य-पश्चिमेतल्या अनेक राज्यांनी वापरलाही आहे. टेक्सासचा बहुतांश ग्रिड तर घाऊक बाजाराच्या बाबतीत एफईआरसीच्या कक्षेतच येत नाही. त्यांनी ८० मेगावॅटची मर्यादा घालून स्वतःचा प्रयोग सुरू केला आणि २०२३ मध्ये घरगुती बॅटऱ्यांच्या पहिल्या दोन मोटा बाजारात आणल्या.

पण खरी मेख वीजकंपनीच्या कमाईत आहे. अमेरिकेतली खाजगी वीजकंपनी उपकेंद्र बांधते, तारा ओढते आणि त्या भांडवलावर आयोगाने ठरवून दिलेला परतावा घेते. ग्राहकाच्या बॅटरीला दिलेले पैसे मात्र नुसता खर्च. तो दरातून वसूल होतो, पण त्यावर नफा नाही. ब्रॅटल या सल्लागार संस्थेने २०२३ मध्ये हिशेब मांडला होता. मोठ्या कंपनीला ऐन गर्दीच्या तासांसाठी क्षमता उभी करायची तर गॅसच्या केंद्राचा निव्वळ खर्च किलोवॅटमागे वर्षाला ९९ डॉलर, व्हर्च्युअल पॉवर प्लांटचा ४३. म्हणजे निम्म्याहून कमी. तरी कंपनी आपणहून तिकडे वळत नाही, कारण स्वस्त पर्यायात तिचं काहीच सुटत नाही. कायदा लागतो तो इथे.

यावर राज्यांनी काढलेले तोडगे अगदी वेगवेगळे आहेत. व्हरमाँटमध्ये ग्रीन माउंटन पॉवर २०१७ पासून स्वतःच्याच बॅटऱ्या ग्राहकांच्या घरी भाड्याने बसवते. बॅटरी तिची मालमत्ता, म्हणून त्यावर परतावाही मिळतो. साहजिकच कंपनीचा उत्साह टिकला, आणि २०२३ मध्ये आयोगाने ग्राहकसंख्येवरची मर्यादा उठवली. मात्र वीज विकणारी कंपनीच बॅटरीचीही मालक झाली की बाहेरच्या स्पर्धकाला जागा किती उरते, हा प्रश्न मला खटकतो. मॅसॅच्युसेट्सने उलट केलं. बॅटरी ग्राहकाची, आणि योजना ऊर्जाबचतीच्या कार्यक्रमात बसवली, जिथे उद्दिष्ट गाठल्याबद्दल कंपन्यांना वेगळा मोबदला मिळतो. ग्राहकाला उन्हाळ्यात प्रत्यक्ष दिलेल्या सरासरी किलोवॅटमागे २७५ डॉलर. दिली वीज तर पैसे, नाही दिली तर दंड नाही.

मला स्वतःला हवाईचं उदाहरण सगळ्यात आवडतं. ओआहू बेटावरचं १८० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र सप्टेंबर २०२२ मध्ये बंद व्हायचं होतं. म्हणून आयोगाने आदल्या वर्षी योजना आणली. सौर पॅनेलला बॅटरी जोडा, रोज संध्याकाळी ६ ते ८:३० या वेळात ठरलेले दोन तास वीज द्या, तीही दहा वर्षं. बदल्यात सुरुवातीच्या ग्राहकांना किलोवॅटमागे ८५० डॉलर रोख. ना थेट हुकूम, ना भारी सॉफ्टवेअर, फक्त घड्याळ! आम्ही सॉफ्टवेअरवाले त्यावर थोडे खट्टूच झालो होतो.

नव्या कायद्यांपैकी कोलोरॅडो आणि मेरीलँडचे २०२४ चे. व्हर्जिनियाने २०२५ मध्ये डॉमिनियन या वीजकंपनीला ४५० मेगावॅटपर्यंतचा पायलट, म्हणजे ठरावीक मुदतीची प्रायोगिक योजना, मांडायला लावलं. ‘पायलट’ शब्द दिसला की मी सावध होतो, कारण पायलट संपला की अहवाल येतो आणि ग्राहक वाऱ्यावर. पण ४५० मेगावॅट म्हणजे गॅसच्या एका बऱ्यापैकी केंद्राएवढी क्षमता. ती कपाटात ठेवून विसरता येणार नाही.

तुम्ही एखाद्या राज्याचा कायदा वाचणार असाल तर उद्दिष्टांची पानं सरळ ओलांडा. बॅटरीला हुकूम फक्त वीजकंपनी देणार की तिसरी कंपनीही, आणि ग्राहकाला बॅटरीबद्दल मिळणारा दर किती वर्षांसाठी बांधून दिलाय, एवढं आधी शोधा. दर दरवर्षी बदलणार असेल तर त्याच्या भरवशावर कर्ज काढून बॅटरी घेणारा मला अजून भेटलेला नाही.