सुपरहिरो कॉमिक्सचे एक वर्ष : आधी वाचन, मग संग्रह

तुम्ही विचारले आहे की चित्रपटांमुळे सुपरहिरोंची गोडी लागली, आता वर्षभर नेमाने मूळ कॉमिक्स वाचायची आहेत आणि थोडीफार जमवायचीही आहेत. तर सुरुवात कुठून करावी, पैसे कशावर घालवावेत आणि आपल्याकडच्या दमट हवेत हे अंक टिकतात का. हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, कारण काय वाचले यावरूनच काय जमवावे ते ठरते आणि काय जमवले यावरून ते कसे सांभाळावे हे ठरते. मी स्वतः गेले वर्ष एकाच मालिकेला दिले. त्या अनुभवाच्या आधारेच उत्तर देतो.

पहिली गोष्ट अशी की पात्र निवडू नका, रन निवडा. एखाद्या लेखकाने किंवा लेखक-चित्रकारांच्या जोडीने एका मालिकेवर सलग केलेल्या कामाला संग्राहक रन म्हणतात. सुपरमॅन १९३८ पासून आणि बॅटमॅन १९३९ पासून जवळजवळ अखंड छापला जात आहे, आणि या काळात त्यांना लिहिणारे, काढणारे हात इतके बदलले आहेत की ‘सगळा बॅटमॅन वाचतो’ असे ठरवून बसलेला वाचक दोन-तीन महिन्यांत दमतो. याउलट क्रिस क्लेअरमाँट यांनी १९७५ ते १९९१ अशी सलग वर्षे एक्स-मेन लिहिले. तिथे एकाच माणसाच्या मनात पात्रे कशी वाढत गेली, कोणते धागे त्याने वर्षानुवर्षे हातात धरून ठेवले, हे वाचकाला समजत जाते. कॉमिक्स वाचण्याचा खरा आनंद मला या सलगतेत सापडतो.

मी निवडलेला पल्ला ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा होता : ऑगस्ट १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’च्या १५ व्या अंकातली ती पहिली ११ पानांची गोष्ट, आणि तिथून पुढे मूळ मालिकेच्या १९७३ मधल्या १२२ व्या अंकापर्यंत. आठवड्याला दोन-तीन अंक या गतीने हा पल्ला वर्षभरात आरामात होतो. यापेक्षा घाई करू नये असे मी आग्रहाने सांगेन. हे अंक महिन्याला एक या हिशेबाने लिहिलेले आहेत, त्यामुळे प्रत्येक अंकात मागची गोष्ट थोडी पुन्हा सांगितलेली असते. एका बैठकीत दहा अंक वाचले की तीच पुनरुक्ती खटकू लागते आणि दोष लेखकाच्या माथी मारला जातो.

पहिले ३८ अंक स्टीव्ह डिट्को यांनी काढले. संवाद स्टॅन ली यांचे. स्पायडर-मॅन छापणाऱ्या मार्व्हल या प्रकाशनसंस्थेत त्या काळी कामाची एक विशिष्ट पद्धत होती : आधी कथानकावर ढोबळ बोलणे व्हायचे, मग चित्रकार पूर्ण गोष्ट पानांवर उभी करायचा, आणि चित्रे तयार झाल्यावर लेखक संवाद भरायचा. म्हणजे कथेची चाल, कुठे थांबायचे, कुठे धावायचे हे बरेचसे चित्रकाराच्या हाती असे. २५ व्या अंकापासून तर कथानकाचे श्रेयही डिट्को यांच्या नावे छापलेले आहे. हे ठाऊक असले की वाचण्याची नजरच बदलते. आपण संवादफुगे वाचून पान उलटत नाही, चौकटी कशा लावल्या आहेत तेही पाहू लागतो.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण फेब्रुवारी १९६६ च्या ३३ व्या अंकात आहे. पीटरची, म्हणजे स्पायडर-मॅनची, काकू मे रुग्णालयात मरणाच्या दारात आहे, तिच्यावरचे औषध त्याच्यापासून काही हातांवर जमिनीवर पडले आहे, आणि तो स्वतः पाण्याखालच्या एका तळघरात प्रचंड यंत्राखाली दबला आहे. वरून पाणी ठिबकते आहे. ही कोंडी फोडायला डिट्को यांनी पाच पाने घेतली आहेत. सुरुवातीला चौकटी लहान आणि दाटीच्या आहेत. वाकलेली मान, जमिनीवर रेटलेला हात, पुन्हा एकदा ढिली पडलेली बोटे एवढेच दिसते. मग यंत्र हलू लागते तशा चौकटी मोठ्या होत जातात आणि शेवटी एका पूर्ण पानावर तो ते ओझे उलथून टाकतो. तो मोकळा होतो तेव्हा पानही मोकळे होते. हे मोबाईलच्या पडद्यावर एकेक चौकट सरकवत पाहिले तर परिणाम पार हरवतो, म्हणून डिजिटल वाचायचेच असेल तर मोठ्या टॅबलेटवर पूर्ण पान दिसेल अशा मांडणीत वाचा.

ऑगस्ट १९६६ च्या ३९ व्या अंकापासून जॉन रोमिटा आले आणि पानांवरची हवाच बदलली. माणसे देखणी झाली, पीटरचे खांदे रुंदावले, कॉलेजातल्या मुलामुलींच्या गप्पांना जागा मिळाली. डिट्कोप्रेमींना हा बदल रुचत नाही. मला मात्र दोन्ही हवे आहेत, कारण रोमिटांनी ग्वेन स्टेसी आणि मेरी जेन या पीटरच्या मैत्रिणींना जी जवळीक मिळवून दिली तिच्याशिवाय पुढचा आघात इतका खोल गेलाच नसता. या टप्प्यावरचे ९६ ते ९८ हे १९७१ चे तीन अंक आवर्जून वाचा. पीटरचा मित्र हॅरी ऑस्बॉर्न अमली पदार्थांच्या आहारी जातो अशी ही गोष्ट. १९५४ पासून अमेरिकी कॉमिक्सवर ‘कॉमिक्स कोड’ नावाची स्वयंनियमनाची चौकट होती आणि तिला अमली पदार्थांचा उल्लेखसुद्धा चालत नसे. मार्व्हलने हे तीन अंक कोडच्या शिक्क्याविना बाजारात आणले आणि त्याच वर्षी कोडचे नियम सैल झाले.

मग येतो जून १९७३ चा १२१ वा अंक. लेखक जेरी कॉनवे तेव्हा जेमतेम विशीतले होते. चित्रे गिल केन यांची. खलनायक ग्रीन गॉब्लिन ग्वेनला पुलावरून खाली ढकलतो, स्पायडर-मॅन जाळे फेकून तिला पायापाशी पकडतो, आणि त्या चौकटीत तिच्या मानेजवळ बारीक अक्षरांत ‘स्नॅप’ एवढा एक आवाज लिहिलेला आहे. वाचकाची नजर त्यावरून सहज घसरू शकते. नायकाला तो ऐकू येत नाही. ती वाचली या समजुतीत तो तिला वर ओढत राहतो. तिचा जीव नेमका कशाने गेला याचे उत्तर पुढे १२५ व्या अंकातल्या पत्रव्यवहाराच्या पानावर दिले गेले : अचानक बसलेल्या हिसक्याने. म्हणजे वाचवणाऱ्या हातानेच. सुपरहिरोच्या गोष्टीत नायक वेळेवर पोहोचतो ही हमी इथे मोडली, आणि १९६२ पासून सलग वाचत आलेल्या वाचकाला ती मोडताना जे वाटते ते केवळ हा एक अंक उचलून वाचणाऱ्याला वाटणे शक्य नाही. (याच अंकात मजकुरात पुलाचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज असे आहे आणि चित्रातला पूल मात्र ब्रुकलिन ब्रिजसारखा दिसतो, हेही पाहून ठेवा.)

आता खरेदीकडे येतो. वाचण्यासाठी मूळ अंक मुळीच लागत नाहीत. मार्व्हलच्या ‘एपिक कलेक्शन’ या जाड पेपरबॅक मालिकेच्या पहिल्या दोन खंडांत डिट्कोंचा सगळा काळ येतो, आणि सुरुवातीला तेवढे पुरे आहेत. ऑम्निबस, म्हणजे अनेक अंक एकत्र बांधलेले जाडजूड खंड, दिसायला देखणे असतात, पण वजनामुळे ते मांडीवर घेऊन वाचणे कठीण, आणि छपाई संपली की त्यांच्या किमती अवाच्या सवा वाढतात. मार्व्हल अनलिमिटेड या डिजिटल वाचनसेवेचे वर्षाचे सदस्यत्व घेतले तर सगळ्यांत कमी खर्चात सगळ्यांत जास्त वाचून होते. आधी तिथे वाचा, जे मनात घर करून राहील तेच छापील घ्या.

मग मूळ अंक घ्यायचे तरी कशासाठी? मी ते घेतो, कारण पुनर्मुद्रणात बऱ्याचदा फक्त गोष्ट असते आणि मूळ अंकात तो महिना असतो. ‘द स्पायडर्स वेब’ हे वाचकपत्रांचे पान, त्यात चुका दाखवणाऱ्यांना संपादकांचे उत्तर, चूक दाखवून तिचे समर्थनही सुचवणाऱ्याला टपालाने पाठवले जाणारे ‘नो-प्राइज’चे रिकामे पाकीट, खेळण्यांच्या आणि व्यायामाच्या जाहिराती, वर्षातून एकदा टपालखात्याच्या नियमानुसार छापलेले खपाचे आकडे. शिवाय रंग. ते रंग वर्तमानपत्री कागद शाई शोषून घेणार हे धरूनच ठरवलेले होते; तेच गुळगुळीत पांढऱ्या कागदावर छापले की भडक दिसतात. हा फरक मूळ अंक हातात घेतल्यावरच कळतो, आणि त्यासाठी महागडा अंक लागत नाही. १९७० च्या दशकातला, कोपरे झिजलेला, कोणाच्याही पहिल्या प्रवेशाचा नसलेला एखादा साधा अंक घ्या.

‘की’ अंकांच्या मागे मात्र पहिल्या वर्षी लागू नका. एखाद्या पात्राचा पहिला प्रवेश, एखादा मृत्यू अशा अंकांना की म्हणतात आणि त्यांच्या किमती चित्रपटाच्या नुसत्या घोषणेनेही वरखाली होतात. घ्यायचाच असेल तर आतली पाने मोजून घ्या. नोव्हेंबर १९७४ चा ‘द इन्क्रेडिबल हल्क’ १८१, म्हणजे वुल्व्हरिनचा पहिला पूर्ण अंक, याचे ठळक उदाहरण आहे. त्या काळी मार्व्हल अंकांत कापून चिकटवायचे तिकीट छापायचे आणि मुले ते इमानेइतबारे कापायची. त्यामुळे या अंकाच्या कितीतरी प्रती बाहेरून छान दिसतात, पण आत तिकिटाच्या जागी खिडकी असते, आणि तेवढ्याने किंमत कोसळते. सीजीसी ही कंपनी २००० पासून अंक तपासून ०.५ ते १० अशी प्रत ठरवते आणि प्लॅस्टिकच्या कठीण पेटीत बंद करून देते. यालाच स्लॅब म्हणतात. फार महाग अंकाच्या बाबतीत ही खात्री उपयोगी आहे. पण स्लॅबमधला अंक वाचता येत नाही, आणि माझ्या संग्रहात वाचता न येणारी वस्तू मला नको आहे.

गुंतवणूक म्हणून नवे अंक साठवावेत का, हाही प्रश्न ओघाने येतोच. १९९१ चा ‘एक्स-मेन’ क्रमांक १ पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह आला आणि त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती दुकानदारांकडे गेल्या. १९९२ च्या अखेरीस सुपरमॅनच्या मृत्यूचा ७५ वा अंक काळ्या पिशवीत बंद होऊन आला आणि लोकांनी तो न उघडता जपून ठेवला. सगळ्यांनीच जपून ठेवल्यामुळे तो आजही सहज मिळतो. पुढे या साठेबाजीचा फुगा फुटला, असंख्य दुकाने बंद झाली आणि १९९६ च्या डिसेंबरात खुद्द मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. जुने अंक महाग आहेत ते लोकांनी रद्दीत घातले म्हणून. जाणूनबुजून साठवलेल्या अंकांना तो नियम लागू होत नाही.

आपल्याकडे शोधायचे तर मुंबईत फ्लोरा फाउंटन आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचे पदपथ, पुण्यात जुन्या पुस्तकांची दुकाने आणि नेहमीचा रद्दीवाला. गॉथम कॉमिक्सने भारतीय किमतीत काढलेली डीसी (सुपरमॅन-बॅटमॅनचे प्रकाशक) आणि मार्व्हलची पुनर्मुद्रणे अधूनमधून मिळतात. त्यांनीच २००४ मध्ये ‘स्पायडर-मॅन : इंडिया’ची चार अंकांची मालिका काढली, जिच्यात पवित्र प्रभाकर हा खेड्यातून आलेला मुलगा धोतर नेसून मुंबईवर जाळी फेकतो, स्पायडर-मॅनचा पल्ला वाचून झाल्यावर ती अवश्य वाचा. इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांतला वेताळ (मूळचा फँटम) दिसला तर मात्र विचार करत बसू नका. १९६४ ते १९९० या काळातले ते अंक वाचनालयांत इतके फिरले की शिक्का नसलेली, पाठीला दोऱ्याने टाके न घातलेली प्रत दुर्मीळ झाली आहे.

टिकवण्याबद्दल. जुना वर्तमानपत्री कागद आम्लधर्मी असतो, त्यामुळे तो पिवळा पडणारच. आपण फक्त वेग कमी करू शकतो. पॉलिप्रोपिलीनची पिशवी आणि आत आम्लमुक्त पुठ्ठा ही किमान सोय. पिशव्या काही वर्षांनी बदलाव्या लागतात. मौल्यवान अंकाला मायलरची (पॉलिएस्टरची) पिशवी घ्या. पीव्हीसीची पिशवी नको, लॅमिनेशन नको, चिकटपट्टी तर कधीच नको. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पहिला बळी पिनांचा जातो. त्या गंजल्या की मधले पान सुटते आणि गंजाचा डाग कागदात उतरतो. अंक बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका, खोके जमिनीपासून वर ठेवा, आत सिलिका जेल टाका आणि ते दर पावसाळ्याआधी बदला. डांबरगोळ्यांचा वास कागदात मुरतो, त्या टाळा. कसर अंधाऱ्या, न हलवलेल्या गठ्ठ्यात होते. म्हणून अंक अधूनमधून बाहेर काढून वाचत राहणे हा सर्वांत चांगला बंदोबस्त आहे.

येत्या वर्षासाठी मी ‘डेअरडेव्हिल’ घेतला आहे : १९७९ च्या १५८ व्या अंकापासून, जिथे फ्रँक मिलर केवळ चित्रकार म्हणून आले, आणि जानेवारी १९८१ च्या १६८ पासून, जिथे त्यांनी लेखनही हाती घेतले, ते थेट १९१ पर्यंत. हा पल्ला स्पायडर-मॅनपेक्षा बराच लहान आहे आणि ज्यांना १९६० च्या दशकातली भाषा जड वाटते त्यांच्यासाठी सुरुवात म्हणून अधिक सोपा आहे. तुम्ही तिथूनही आरंभ करू शकता. फक्त १६८ वर थेट उडी मारू नका, आधीचे दहा अंक वाचूनच तिथे पोहोचा.