गिरणी कामगारांवरची कविता पोवाड्यासारखी गायची की भावगीतासारखी?

प्रश्न असा आहे: इंदूरच्या महाराष्ट्र मंडळात १ मेला, तिथल्या बंद पडलेल्या हुकुमचंद मिलच्या कामगारांवरची स्वतःची मुक्तछंदातली कविता गाऊन सादर करायची आहे. ज्येष्ठ म्हणतात, शाहिरी म्हणजे आरडाओरडा, पेटी-तबल्यावर भावगीत बसवा.

शाहिरीच करा. आणि आरडाओरडा म्हणणाऱ्यांना विचारा, १ मेला तुम्ही पेढे कशाचे वाटता? संयुक्त महाराष्ट्राची चळवळ लोकांपर्यंत पोचवण्यात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचा डफ होता. १९४४ साली निघालेलं त्यांचं लालबावटा कलापथक मुंबईच्या गिरणगावातल्या कामगारांपुढेच उभं राहायचं. अहिल्याबाईंच्या तसबिरीला हार घालायचा आणि शाहिराला मात्र खाली बसवायचं, हे काही मला समजत नाही. पेशवाईतले शाहीर अनंत फंदी यांना तमाशातून कीर्तनाकडे वळवलं ते बाईंनीच, अशी आख्यायिका आहे. वळवलं, गप्प केलं नाही.

आता कामाचं. मुक्तछंद डफावर उभा राहत नाही. झीलकऱ्यांना, म्हणजे मागे सूर धरणाऱ्या साथीदारांना, ओळ कुठे उचलायची तेच कळत नाही, दोन ओळींत ताल सुटतो. तुमच्या कवितेला फंदींच्या फटक्याचा, म्हणजे त्यांच्या उपदेशपर पद्याचा, साचा चांगला बसेल: ‘बिकट वाट वहिवाट नसावी, धोपट मार्गा सोडु नको’. मात्रा मोजा, सोळा आणि चौदा. आठ-आठ मात्रांचे दोन तुकडे, मग आठ, मग सहा. शेवटच्या दोन रिकाम्या मात्रांत शाहीर श्वास घेतो आणि झीलकरी ‘जी जी रं जी’ ला तयार होतात. ‘भोंगा थांबला त्या दिवसापासून घरात कुणाला झोप नाही’ अशी ओळ असेल तर ती अशी होईल:

भोंगा निजला, गिरणी निजली, पोटाला पण निजवेना
देणी अडली, बाबा थकले, तारिख काही लागेना

‘तारीख’मधली री ऱ्हस्व केली आहे. शाहिरीत एवढं चालतं, फंदींनीही ‘सोडु’ केलंच की. महत्त्वाचं म्हणजे ओळीचा शेवट ‘ना’वर आहे. आ, ए, ओ असा मोकळा स्वर असेल तरच तो लांबवता येतो. ‘अन्याय’, ‘शोषण’, ‘संघर्ष’ असल्या शब्दांवर ओळ संपवलीत तर झील तिथेच मरते. तसंही हे शब्द कमीच वापरा. कामगारांची देणी डिसेंबर २०२३ पर्यंत अडकून पडली होती, एवढी एक तारीख पुरे आहे.

चार चौक, म्हणजे चार कडवी, खूप झाले. प्रत्येक चौकानंतर गद्य निवेदन ठेवा. ते अलंकार म्हणून नसतं, गळ्याला विसावा म्हणून असतं. शाहिरीची पट्टी नेहमीपेक्षा दोन स्वर तरी वर असते आणि सलग गायलं की तिसऱ्या चौकात आवाज फाटतो. इंदूरची पोरं अर्धं हिंदीतच बोलतात, तेव्हा निवेदन हिंदीत केलं तरी बिघडत नाही. ओळी मराठीतच हव्यात.

तुणतुणं शाहिराच्या षड्जाला (सा) लावा आणि त्याचा माइक अगदी जवळ घ्या, नाहीतर ते ऐकूच येत नाही. डफाला मात्र माइक लांब, जवळ आणला की नुसती घुमघुम होऊन शब्द बुडतात. पावसाळ्यात डफ शेकून घ्यावा लागतो. मेमध्ये उलट पंचाईत: कोरड्या उन्हात कातडं इतकं ताणतं की आवाज पातळ होतो, कधी फाटतंही. कार्यक्रमाआधी तो सावलीत ठेवा, फार चढलाच तर ओलसर फडकं हलकेच फिरवा. ढोलकीवाला इंदुरात सहज मिळत नाही, ढोलकवाला मिळेल. पण ढोलकीच्या शाईच्या पुडीचा (शाई लावलेल्या कातड्याचा) टणक, चढा बोल ढोलकात नाही. त्याला ठेका साधा धरायला सांगा, भरीची कामं झांजेवर सोडा.

राहता राहिला ‘संगीत’ हा मुद्दा. मंडळी कुमारजींचं (कुमार गंधर्वांचं) नाव फार घेतात. त्याच कुमारजींनी देवासला बसून माळव्याच्या लोकधुना ऐकल्या आणि त्यांतून धुनउगम, म्हणजे लोकधुनांतून उगवलेले, राग काढले. त्यांना जे कान देऊन ऐकावंसं वाटलं, ते आपल्या समितीला गोंगाट वाटतं!

पेटी अजिबात नकोच असं नाही. भीमगीतांत पेटी-ढोलकी छान चालते, आणि गाणारा कच्चा असेल तर सूर धरायला पेटीचा आधार बराच. फक्त पेटीवाल्यानं मधल्या जागांत मुरक्या भरू नयेत. आणि झीलकरी दोन तरी हवेतच. ते मिळाले नाहीत तर माझं वरचं सगळं सोडा आणि कविता सरळ वाचा.