कर्जबाजारी माणूस ठाणे पालिकेची निवडणूक लढवू शकतो का?

तुमच्या मित्राचा धंदा बुडालाय, बँकेची नोटीस आलीय, म्हणून त्याचा अर्ज बाद होईल का, असं तुम्ही विचारलंय. नाही होणार. कर्ज थकणं वेगळं आणि कोर्टाने नादार, म्हणजे कर्ज फेडायला असमर्थ, घोषित करणं वेगळं. लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि चांगली माणसं उगाच मागे हटतात, याचं मला फार वाईट वाटतं.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम १० नुसार अपात्र ठरतो तो नादारीतून मुक्त न झालेला माणूस. निवडून आल्यावर नादार ठरला, तरी नगरसेवकपद जातं. मुंबई शहराला नादारीचा १९०९ चा कायदा लागू आहे. ठाण्यात १९२० चा प्रांतिक नादारी कायदा चालतो आणि नादारीचा अर्ज जिल्हा न्यायालयात जातो.

या १९२० च्या कायद्याचं कलम ७३ नीट वाचा. नादारीचा आदेश रद्द झाला तर अपात्रता संपते. नुसता मुक्ततेचा आदेश मात्र पुरत नाही; नादारी गैरवर्तनामुळे नव्हे, दुर्दैवाने ओढवली, असं प्रमाणपत्रही कोर्टाकडून घ्यावं लागतं. वकिलाला हे आधीच मागायला सांगा. आणि उमेदवारीच्या प्रतिज्ञापत्रात कर्ज लपवू नका.