लेदरवर पहिल्यांदाच बास्केटवीव्हचे, म्हणजे टोपलीच्या विणीसारख्या नक्षीचे ठसे मारले, उठाव फिका आला आणि रांगा वाकड्या गेल्या. महागाचे ठसे घेऊ का?

नका घेऊ भाऊ, आत्ता तरी नकाच. तुम्ही धुळ्याचे, आणि भर दुपारी गच्चीवरच्या खोलीत पंखा लावून बसला होता असं लिहिलंय ना, मला कारण तिथंच दिसतंय. ठसा उठतो तो चामड्यातल्या ओलीवर, जोराचा नंबर नंतर लागतो. मी जळगावला पट्टे बनवतो, उन्हाळ्यात पारा ४५ कडे सरकला की एक रांग पुरी होईस्तोवर चामडं कोरडं पडायला लागतं, मग कितीही ठोका, नक्षी नुसती वरवर दिसते.

पण आधी चामडं कोणतं घेतलंय ते बघा. बॅगवाल्याकडून किंवा सोफावाल्याकडून कतरण आणली असेल तर ते बहुतेक क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असणार, त्यात ठसा टिकतच नाही, दाबलं तरी परत फुगून वर येतं. कापलेली कड बघा, आत निळसर करडी झाक दिसली तर ते सरावालासुद्धा घेऊ नका. आपल्याला पाहिजे व्हेज टॅन, म्हणजे झाडपाल्यावर कमावलेलं, कोल्हापुरी चपलेला बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात ना त्या जातीचं. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो जिरतो आणि तेवढा भाग गडद होतो. पट्ट्यासाठी ३ ते ४ मिलिमीटर जाडी घ्या, पातळ चामड्यात खोली मिळत नाही.

आता ओल. ही एवढी जमली की निम्मं काम झालं समजा. गुळगुळीत बाजूवर स्पंजने सगळीकडे सारखं पाणी फिरवा, मग तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर ठेवा म्हणजे पाणी आतपर्यंत पोचतं. सकाळी ऊन चढायच्या आत काढा आणि थांबा. मूळ रंग जवळजवळ परत आला पण गालाला लावलं तर गार लागतंय, ती वेळ. तेव्हा ठसा मारला की खाली तपकिरी गडद खूण उमटते, बघूनच कळतं की बरोबर बसला. ओल जास्त असेल तर कडा लिबलिबीत येतात, तेव्हा घाई न करता अजून थोडं वाळू द्या. मधेच सुकायला लागलं तर ओला स्पंज पूर्ण तुकड्यावर हलका फिरवा, एकाच जागी नको, डाग दिसतो. आणि पंखा बंदच ठेवा. मागच्या बाजूला पॅकिंग टेप चिकटवून घ्या, ओलं चामडं ठोकताना ताणतं.

खाली दगड पाहिजे. किचन ओट्याचं काम करणाऱ्याकडे ग्रॅनाइटचा तुकडा सहज मिळतो, तो टेबलाच्या बरोबर पायावर येईल असा ठेवा, मधोमध ठेवला तर टेबल उसळी मारतं आणि अर्धा जोर वाया जातो. ठोकायला लाकडी मोगरी किंवा नायलॉनचा मॅलेट, लोखंडी हातोडीने ठशाचं डोकं पसरतं.

रांगा वाकड्या जातात त्याचं कारण पहिली रांग. बोथट टोकाने एक सरळ रेघ ओढून घ्या आणि पहिली रांग तिलाच धरून मारा, प्रत्येक ठशाचं टोक आधीच्या ठशाच्या टोकावर बरोब्बर बसवत, कारण पुढच्या सगळ्या रांगा तिच्याच आधाराने बसतात, ती केसभर सरकली की शेवटापर्यंत वाढतच जाते. ठसा उभा सरळ धरा, कलला की एक बाजू खोल आणि दुसरी फिकी येते. काठाशी अर्धवट ठसे उरतात तिथं बॉर्डरचा छोटा ठसा मारतात. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा साज विकायला असतो, तिथं नक्षीचा पट्टा दिसला तर हातात घेऊन त्याचा काठ कसा मिटवलाय ते नक्की बघा, खूप शिकायला मिळतं.

अजून एक, ओल्या चामड्यावर रापी (चामडं कापायचं हत्यार), खिळा, लोखंडी पट्टी काही ठेवू नका, सालीतलं टॅनिन आणि लोखंड मिळून निळाकाळा डाग पडतो. ताजा असेल तर लिंबाच्या रसाने बराच जातो, नंतर साध्या पाण्याने पुसा.

झालं की सावलीत वाळवा, उन्हात नको, आणि रंग दुसऱ्या दिवशी लावा. पट्टा फायनल मापाला ठसे मारून झाल्यावरच कापा. पुढच्या वेळी कापलेल्या कडेचा पण फोटो टाका, चामडं क्रोम आहे की व्हेज ते सांगतो.