छपराआधी भिंत तपासा

प्रश्न : आयर्लंडमध्ये काउंटी मेयोच्या किनाऱ्याजवळ काडाने शाकारलेले जुने दगडी घर आम्ही घेतले आहे. भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा आहे, आत ओल येते, पोपडे सुटतात. छपरावर शेवाळ आहे. कंत्राटदार म्हणतो, सगळे उतरवून रीडने (पाणथळ जागी वाढणाऱ्या बोरूसारख्या गवताने) शाकारू, जास्त वर्षे टिकेल. काय करावे?

उत्तर : सगळे उतरवू देऊ नका. वळचणीच्या जरा वर मूठभर काड ओढून पाहा. बहुतेकदा वरचे काही सेंटिमीटर काळे, लगदा झालेले आणि खाली कोरडे, पिवळे काड निघते. तसे असेल तर सडका थर तेवढा काढायचा, खड्ड्यांत भर घालायची आणि वर नवा थर चढवायचा. काड दाबून धरणाऱ्या हेझल नावाच्या झुडपाच्या काड्या उघड्या पडल्या असतील तर मात्र वाट पाहू नका. त्यांच्या वाटेने पाणी आत उतरते.

काडाखाली मुळांसकट कापलेल्या गवताळ मातीचे पट्टे असतात, त्यांना तिकडे स्क्रॉ म्हणतात. हेझलची काडी दोन्ही टोकांना टोकदार करून, मधोमध पीळ देऊन केसांच्या आकड्यासारखी वाकवतात आणि ती या मातीत रुतवतात. रीड साधारणपणे उघड्या लाकडी पट्ट्यांवर बांधतात, म्हणजे आधी स्क्रॉ काढावा लागतो. त्याबरोबर चुलीच्या धुराने काळवंडलेले सर्वांत जुने थरही जातात, आणि ते परत मिळत नाहीत. रीड 25 ते 40 वर्षे टिकते आणि गव्हाचे काड 10 ते 15, ओटचे त्याहूनही कमी, हा हिशेब खरा आहे. तरी आमचे मत ओटच्या काडाकडेच. फक्त कंबाइनने मळलेले घेऊ नका. त्यात नळी चेपते आणि पाणी धरते. बाइंडरने, म्हणजे पीक कापून पेंढ्या बांधणाऱ्या यंत्राने, कापलेले लांब काड मागा, आणि नायट्रोजन खत बेताचे दिले होते का, तेही विचारा. भरमसाट खताचे काड मऊ निघते, लवकर कुजते.

वळचणीखाली भिंतीतून दगडी खुंटे डोकावतात का, पाहा. छपरावरून घातलेले दोर त्यांना बांधतात. अटलांटिकच्या वाऱ्यात छप्पर जागेवर राहते ते या दोरांमुळे. गिलावा काढताना गवंडी हे खुंटे हटकून फोडतात, म्हणून आधीच रंगाने खुणा करा.

ओलीबद्दल आमचा पहिला संशय सिमेंटवर. त्याला बारीक तडे जातात, पाणी आत शिरते आणि दगडांमधल्या मातीच्या सांध्यांत अडकून बसते. गिलावा छिन्नी-हातोडीने, थोडा थोडा काढा. ब्रेकर लावला तर दगडच सैल होतात. मग भिंत काही महिने वाळू द्या. नवा गिलावा नैसर्गिक हायड्रॉलिक चुना (पाण्याने घट्ट होणारा चुना) 1 भाग, वाळू 3 भाग. तापमान 5 अंशांखाली जाणार असेल तर काम करू नका, आणि आठवडाभर ओली गोणपाटे टांगून ठेवा. वरून चुन्याचे चार-पाच हात. चुना ब्रशवरून ओघळेल इतका पातळ हवा, जाड हात दिला की पापुद्रे सुटतात. प्लास्टिक पेंट नकोच.

या घरांना पन्हळ नसते, पागोळ्या भिंतीशी पडतात. तिथे काँक्रीटची वाट केलेली असेल तर पाणी उसळून भिंतीवर येते. ती काढा आणि खडी भरलेला चर द्या. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा खाली हवी.

प्रश्न : चुलीच्या जागी लाकडाचा स्टोव्ह बसवावा का?

उत्तर : जपून. उघड्या चुलीपेक्षा स्टोव्हच्या नळीत वायू बरेच तापतात आणि जुन्या दगडी धुराड्याच्या फटींतून काडापर्यंत पोचतात. आतून अखंड, उष्णतारोधक अस्तर घाला. धुराड्याचे तोंड आढ्यापेक्षा 1.8 मीटर उंच असावे. ओले लाकूड जाळू नका, त्याने डांबर साचते. वर्षातून दोनदा धुराडे झाडून घ्या. ठिणग्या अडवणारी जाळी काजळीने तुंबते, तिच्या भरवशावर राहू नका.

प्रश्न : परवानगी लागते का?

उत्तर : घर संरक्षित वास्तूंच्या यादीत असेल तर शाकारणीचा प्रकार बदलण्यालाही लागू शकते. काउंटी कौन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरला (वास्तुजतन अधिकाऱ्याला) आधी भेटा. अनुदानाचा अर्जही काम सुरू होण्यापूर्वीच करा.