दीडपट वेगाने की अर्ध्या?

तुझा प्रश्न मला समजला तो असा. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) क्वालिटीत नोकरी आहे, डिझाइनमध्ये जायचंय, म्हणजे कॅड, संगणकावर ड्रॉइंग काढणं, यायला हवं. दीड वर्ष 'कॅड झटपट कसं शिकावं', 'पहाटे पाचला कसं उठावं' असले व्हिडिओ पाहिलेस, दोन वह्या भरल्यास, पण स्वतःच्या हाताने काढलेलं ड्रॉइंग एकही नाही. आणि शेवटी विचारतोस, मी आळशी आहे का? (एकेरी लिहितोय, राग मानू नकोस, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे.)

आळशी माणूस दोन वह्या भरत नाही रे.

माझं सांगतो. माझं लहानपण बडोद्यातच, दांडिया बाजारात गेलं. शाळेत जाता-येता सूरसागर तलावासमोरचं म्युझिक कॉलेज लागायचं. सयाजीरावांच्या काळात, १८८६ साली गवई मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेतून वाढलेलं तेच. आतून तबला ऐकू यायचा. शिकायचं मात्र राहून गेलं. पन्नाशीला तबल्याची जोडी घेतली आणि व्हिडिओ पाहायला बसलो. वर्षभर रोज रात्री, दीडपट वेगाने, म्हणजे जास्त पाहून होतं! कायदा, पेशकार, चक्रदार, तबल्यातल्या सगळ्या रचना तोंडपाठ. मैफलीत शेजारच्याला तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) समजावून सांगायचो. जोडीवर मात्र बायकोने विणलेली खोळ तशीच.

मग एका रविवारी भाचा आला आणि म्हणाला, मामा, वाजवून दाखवा ना. 'धा धा तिट धा धा तूना', नवशिक्याला पहिल्यांदा देतात तो कायदा. दुसऱ्याच आवर्तनात 'तिट'ची बोटं एकमेकांत अडकली. भाचा हसला नाही, तेच जास्त लागलं.

या प्रकारावर शिकागो विद्यापीठातल्या कार्डास आणि ओब्रायन यांनी २०१८ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. भांडी न पाडता टेबलावरचं कापड ओढण्याचा व्हिडिओ काहींना एकदा दाखवला, काहींना वीस वेळा. वीसवाल्यांना वाटलं, हे आपल्याला जास्त चांगलं जमेल. डार्ट फेकण्याच्या प्रयोगात तर प्रत्यक्ष फेकायलाही लावलं. भरवसा वाढला होता, नेम होता तिथेच. मला सगळ्यात पटला तो जगलिंगचा, म्हणजे बाटलीसारख्या पिन हवेत उडवून झेलण्याचा भाग: व्हिडिओ पाहिल्यावर ज्यांच्या हातात नुसत्या त्या पिन दिल्या, त्यांचा फाजील भरवसा उतरला.

तुझं घोडं इथेच अडलंय, असं मला वाटतं. वस्तूला हात लावला की दीड वर्ष साठवलेलं 'मला येतं' एका मिनिटात उतरणार, हे आतून माहीत असतं. म्हणून माणूस आणखी एक व्हिडिओ लावतो. पहाटे उठण्याचे वगैरे तर सोडूनच दे, नोकरीवरून येऊन रात्री नऊलाही ऑटोकॅड उघडतं.

आता काम सांगतो. आज रात्री गॅसच्या बर्नरची टोपी काढ, पितळेची, कडेने भोकं असलेली. (कंपनीतला पार्ट नको, उगाच भानगड.) बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर तुझ्या रोजच्या हातातलंच आहे. मापं घे आणि वरून दिसते तशी काढायला बस. वर्तुळं निघतील. मग भोकांपाशी येशील आणि अडशील: एवढी भोकं काय एकेक काढायची? आता व्हिडिओ लाव. 'पोलर अ‍ॅरे' (एकच आकार वर्तुळावर सारख्या अंतराने उमटवणारी कमांड) शोध, तेवढंच पाहा, बंद कर, भोकं काढ. पुढचा व्हिडिओ पुढच्या अडचणीला.

माझंही असंच झालं. भाचा गेल्यावर तोच जुना व्हिडिओ काढला, पण आता 'तिट'चे वीस सेकंद, अर्ध्या वेगाने, दहा-बारा वेळा. वर्षभर समोर असलेलं बोट पहिल्यांदा दिसलं! तेव्हापासून मी वेगावरून स्वतःला ओळखतो. दीडपट लावलाय म्हणजे करमणूक चाललीये. करमणुकीलाही माझी ना नाही, फक्त तिच्यासाठी वही घेऊन बसायचं नाही.

पहिलं ड्रॉइंग भिकार येईल. ते इथे टाक, मापांच्या चुका काढायला दोघंतिघं टपलेलेच आहेत. आणि टोपी रात्रीच जागेवर ठेव. सकाळी चहाच्या वेळी सापडली नाही तर आई जे बोलेल त्याला मी जबाबदार नाही.